आधी मोजतो, मग बदलतो: चिपळुणातलं एक कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान

या दुकानाला पाचपैकी चार गुण. एक कापला तो वेळेबद्दल. इथे ‘गुरुवारी या’ म्हणाले की शनिवार धरून चालायचं. शिवाय हातात सोल्डरिंग असलं की मालक फोन उचलत नाहीत, आणि दिवसातला बहुतेक वेळ त्यांच्या हातात सोल्डरिंगच असतं. कामाबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. हे मी सहज म्हणत नाही, कारण त्यांनी दुरुस्त केलेल्या माझ्या कॉम्प्युटरवर माझं पोट आहे.

मी गुहागर तालुक्यातल्या शृंगारतळीला घरातूनच डीटीपी करते, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं जुळवून देते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शिमग्याला पालखीचं वेळापत्रक, आणि गणपतीच्या तोंडावर मुंबईकर मंडळांचे वार्षिक अहवाल. हे अहवाल म्हणजे जमाखर्च, देणगीदारांची यादी आणि अध्यक्षांचं मनोगत. मनोगत दर वर्षी तेच असतं, फक्त अध्यक्ष बदलतात. मशीन जुनं आहे: एच ६१ चा मदरबोर्ड, इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय थ्री, चार जीबी रॅम, विंडोज ७. त्यावर पानं मांडायचं सॉफ्टवेअर पेजमेकर ७ चालतं, जे २००१ साली आलं आणि त्यानंतर त्याची पुढची मोठी आवृत्ती निघालीच नाही. सोबत मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, त्याला मागे यूएसबीत डोंगल, म्हणजे त्या सॉफ्टवेअरची किल्ली, लावावं लागतं. माझं इतक्या वर्षांचं काम या जुन्या, युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये आहे. ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी डॉलर, कंस आणि टिंबं दिसतात. त्यामुळे ‘वहिनी, नवीनच घेऊन टाका ना’ हा सल्ला मला देऊ नये. अख्ख्या शृंगारतळीने देऊन झालाय.

तर, ऐन अहवालाच्या दिवसांत मशीन बंद पडलं. रात्रभर पाऊस आणि विजेचा लपंडाव. सकाळी बटण दाबलं तर आतला पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. पुढचा दिवा क्षणभर लागून विझला. पुन्हा दाबलं तर काहीच नाही. थोडा वेळ जाऊ दिल्यावर पुन्हा तोच अर्धा फेरा.

जवळच घरी येऊन दुरुस्ती करून देणारी एक सेवा आहे. नाव नाही लिहीत. तिथला मुलगा वेळेवर आला, चहाही नको म्हणाला, इथपर्यंत सगळं छान. सीपीयूचा डबा उघडला, रॅम काढून तिच्यावर फुंकर मारली, परत बसवली, बटण दाबलं. पंख्याचा अर्धा फेरा. ‘मदरबोर्ड गेलाय.’ ना मीटर, ना दुसरा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) लावून पाहणं. बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम असा सगळा सेट बदलायचा, १२,५०० रुपये, आणि त्यावर विंडोज ७ काही चालणार नाही म्हणून विंडोज नवीन, त्याचे वेगळे. पेजमेकरचं काय, असं विचारलं तर म्हणाला, ‘ते काय असतं?’ पोराचा दोष नाही. तो जन्मला तेव्हा पेजमेकरचा अवतार संपत आलेला होता. पण मीटर तरी लावायचा ना.

चिपळूणच्या या दुकानाचा नंबर मला एका छापखानावाल्यांनी दिला. संध्याकाळी सातनंतर फोन लागला. मालकांनी ‘घेऊन या’ असं म्हटलं नाही. आधी प्रश्न. सीपीयूच्या मागे, वायर जिथे खोचतात तिथे छोटा काळा स्विच आहे, तो चालू आहे ना? एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस दोन्ही बाजूला ठेवून थेट भिंतीच्या प्लगात लावून पाहिलंत का? प्रिंटर, पेनड्राइव्ह, डोंगल, सगळं मागून काढलंत का? मग मुख्य वायर काढून ठेवा, पुढचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल, आणि मग वायर लावून चालू करा. मी फोन चालू ठेवूनच सगळं केलं. पुन्हा अर्धा फेरा.

‘पंखा फिरत राहतो आणि स्क्रीन काळी राहते, असं तर नाही ना?’ त्यांनी पुन्हा खात्री करून घेतली. तसं असतं तर म्हणे त्यांनी मला कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबायला सांगितलं असतं. त्याचा दिवा लागतो-विझतो म्हणजे मशीन चालू झालंय, फक्त चित्र येत नाहीये. अशा वेळी मॉनिटरची केबल आणि मॉनिटरचं इनपुट बघायचं. चिपळूणला यायची गरज नाही. पुढे दुकानात बसले असताना त्यांनी फोनवर अशीच दोन-तीन गिऱ्हाइकं घरच्या घरी मार्गी लावलेली मी कानांनी ऐकली. एका मास्तरांची तर मॉनिटरची वायर साफ करताना निघाली होती, एवढंच. त्याचे पैसे नाहीत. बंद पडलेला कॉम्प्युटर हे ज्याचं पोट, तो माणूस ‘येऊ नका’ असं सांगतो, हे मला तरी नवीन होतं.

माझ्या बाबतीत मात्र ‘घेऊन या’ झालं. ‘फक्त डबा आणा. मॉनिटर, माउस, वायरी, काही आणू नका. डोंगल काढून घरी कपाटात ठेवा, ते हरवलं तर मी देऊ शकत नाही.’ शेवटचं वाक्य ऐकलं आणि मला या माणसाबद्दल बरं वाटायला लागलं.

सीपीयू चादरीत गुंडाळून, वर प्लास्टिक घालून, मांडीवर घेऊन एसटीने चिपळूण. कंडक्टरने त्याचं वेगळं तिकीट लावलं नाही, पण ‘टीव्ही आहे का?’ असं विचारलं.

दुकान बाजारपेठेत आहे. नाव इथे टाकायचं नाही ही मालकांचीच अट. ‘फोन आणखी वाजायला लागेल’ म्हणाले. बाजारपेठेत ‘माडीवरचा कॉम्प्युटरवाला’ विचारलं की सांगतात. खाली अरुंद काउंटर आहे, तिथे माउस, केबल, पेनड्राइव्ह विकायला एक पोरगा असतो. दुरुस्ती वर. लोखंडी जिना उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच हाक मारावी, पोरगा येऊन डबा उचलून नेतो. दुरुस्ती वर का, ते खालच्या भिंतीवर कळतं. माझ्या डोक्याच्याही वर निळ्या ऑइलपेंटने रेघ मारलीय आणि तारीख लिहिलीय: २२ जुलै २०२१. वाशिष्ठी नदी बाजारात शिरली तो दिवस. २००५च्या जुलैतही पाणी आलं होतं, पण या वेळी सावरायला अवधीच मिळाला नाही, असं चिपळूणकर सांगतात. तेव्हा यांचं टेबल खालीच होतं. गिऱ्हाइकांची मशीनं आणि स्वतःचा माल, सगळं चिखलात गेलं.

माझा नंबर लागेपर्यंत तासभर बसावं लागलं (खुर्ची एकच, ती मला दिली, मग मालक उभ्याने काम करत राहिले आणि मला अवघडल्यासारखं झालं). त्या वेळात पुराचा विषय निघाला. ते म्हणाले, भिजलेली मशीनं जितकी पाण्याने मेली नाहीत तितकी ‘चालू होतंय का बघू’ म्हणून बटण दाबल्याने मेली. बोर्ड भिजला आणि त्यात वीज नसली तर तो बऱ्याचदा वाचतो. बोर्डावरचा सेल काढायचा, स्वच्छ पाण्याने चिखल धुवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने घासायचं आणि नीट खडखडीत वाळू द्यायचं. हार्ड डिस्कचं गणित वेगळं. नेहमीच्या डिस्कला हवा जायला-यायला एक बारीक भोक असतं. पुराचं पाणी तिथून आत गेलं की तबकडीवर गाळ बसतो, आणि ती फिरवली की उरलंसुरलंही खरवडून निघतं. तशी डिस्क चालू न करता, आहे तशी डेटा काढणाऱ्या मोठ्या लॅबला पाठवायची. लोकांनी भिंतीवर लावायच्या फोटोंसाठी, लग्नाच्या सीड्यांसाठी रडतरडत डिस्का आणल्या होत्या. ‘आणि सगळ्यांनी आधी घरी लावून पाहिलेल्या.’ एवढं बोलून ते पुन्हा कामाला लागले. तसे ते फार बोलत नाहीत. जे बोलतात त्यात थोडा मास्तरकीचा सूर असतो, ज्यांना तो चालत नाही त्यांनी तयारीने जावं.

आता माझं मशीन. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण दुकानाचं खरं परीक्षण इथेच आहे.

पहिलं काम, हार्ड डिस्कच्या दोन्ही वायरी काढल्या. ‘आधी हिला बाजूला ठेवू. बाकी काही झालं तरी हिला धक्का नको.’ मग माझा एसएमपीएस सोडवून दुकानाचा स्वतःचा, रोज तपासणीला वापरायचा, एसएमपीएस बोर्डाला जोडला. एक चोवीस पिनांची मोठी वायर आणि दुसरी प्रोसेसरसाठीची चार पिनांची. ही दुसरी लावायला विसरूनही ‘बोर्ड गेला’ म्हणणारे असतात, हे जाता जाता. मग त्यांनी रॅम काढून टाकली, आणि बोर्डावर कोपऱ्यातल्या पिनांवर नखाएवढा एक बझर खोचला. मला कळेना, रॅमशिवाय कॉम्प्युटर चालतो कुठे?

बटण दाबलं. पंखा फिरायला लागला आणि फिरतच राहिला. दोनेक सेकंदांनी बझर लांब आवाजात ओरडायला लागला. बीऽऽप, बीऽऽप, बीऽऽप.

‘ऐकलंत? रॅम नाही म्हणून रडतोय. रडतोय म्हणजे जिवंत आहे.’

पन्नास रुपयांच्या आतबाहेरचा तो बझर. मेलेल्या बोर्डाला रॅम नाही हेही कळत नाही, आणि प्रोसेसर मेलेला असेल तर ओरडायचा हुकूम देणाराच कोणी नाही. एका आवाजात १२,५०० रुपयांचा सेट रद्द झाला. घरी आलेल्या त्या मुलाच्या पिशवीत हा बझर असता तर त्याचीही फेरी वाचली असती आणि माझीही.

मग रॅम बसवली, तरी बझर ओरडतच राहिला. त्यांनी मला वाकून बघायला लावलं. आदल्या दिवशी त्या मुलाने फुंकर मारलेली हीच रॅम. पुन्हा बाहेर काढली तर सोनेरी पट्ट्या काळपट पडलेल्या. समुद्रावरची दमट हवा, दुसरं काय. फुंकर मारली की तोंडातला ओलावा भर घालतो, म्हणून फुंकर नाहीच. शाळेचं साधं पांढरं खोडरबर घेतलं, पट्ट्यांवरून एकाच दिशेने फिरवलं, ब्रशने कण झाडले, खाचेतली धूळ ब्लोअरने काढली, आणि दोन्ही बाजूंना ‘टक’ असा आवाज येईपर्यंत रॅम दाबली. हे काम घरी जमण्यासारखं आहे, फक्त मुख्य वायर काढलेली असावी आणि रॅमला हात लावण्याआधी डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावून घ्यावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते.

या वेळी स्क्रीनवर अक्षरं उमटली. तारीख चुकलीय, सेटिंग पुसलं गेलंय, एफ १ दाबा. बोर्डावरचा रुपयाएवढा सेल संपला होता. सीआर २०३२, तीन व्होल्टचा. मीटरवर अडीचच्याही खाली दाखवला. गेले काही महिने माझ्या मशीनची तारीख सकाळी मागे गेलेली असायची आणि मी ती हाताने पुढे करत होते, त्याचा उलगडा तेव्हा झाला. नवा सेल तीस रुपये.

मग हार्ड डिस्क जोडली. आणि इथे माझ्या पोटात गोळा आला. विंडोजचं चिन्ह दिसतं न दिसतं तोच निळा पडदा, पांढरी इंग्रजी अक्षरं, शेवटी शून्यांच्या मागे ‘७बी’. मशीन पुन्हा सुरू, पुन्हा तोच पडदा. खालून वर आलेला पोरगा म्हणाला, ‘विंडोज उडाली, नवीन टाकायला लागणार.’ मालकांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

या दुकानाला मी चार दिले ते मुख्यतः पुढच्या दोन मिनिटांसाठी. त्यांचं म्हणणं असं: सेल संपला तेव्हा बोर्डावरची सगळी सेटिंग पुसली जाऊन कारखान्यातली मूळ सेटिंग परत आली. त्यात हार्ड डिस्कशी बोलण्याची एक पद्धत ठरवलेली असते, आयडीई किंवा एएचसीआय. माझी विंडोज टाकली गेली तेव्हा एक पद्धत होती, सेटिंग पुसल्यावर दुसरी आली. विंडोज ७ला ही अदलाबदल झेपत नाही, तिला आपलीच डिस्क सापडत नाही आणि ती निळी पडते. फायली, फॉन्ट, सगळं जागच्या जागी असतं. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, गेले, डिस्कच्या (साटाच्या) पानावर ती एक ओळ बदलली, सेव्ह केलं. माझा डेस्कटॉप, त्यावर मंडळाच्या अहवालाचं फोल्डर, सगळं समोर.

विंडोज नवीन टाकली असती तर काय झालं असतं ते मला माहीत आहे. पेजमेकर पुन्हा टाका, फॉन्टच्या सॉफ्टवेअरची जुनी सीडी शोधा, सीडी ड्राइव्ह शोधा, डोंगलचा ड्रायव्हर शोधा. गणपती बसून उठलेही असते.

एवढं झाल्यावर मूळ आरोपी, माझा एसएमपीएस. मी समजत होते की तो आता थेट भंगारात. पण त्यांनी आधी तपासून दाखवला, कारण ‘नवीन घ्यायला सांगतोय तर का ते तुम्हाला दिसलं पाहिजे.’ मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडली की एसएमपीएस बोर्डाशिवाय चालू होतो. माझा झालाही, पंखा फिरला. बरेच जण इथेच ‘एसएमपीएस चांगला आहे’ म्हणून थांबतात. त्यांनी पिवळ्या आणि काळ्या वायरीवर मीटर लावला: १२.१. उत्तम. मग त्याच वायरींवर गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्टचा बल्ब लावला. बल्ब पेटला आणि मीटर खाली घसरला, १०.८. अकराच्या खाली. नियमाप्रमाणे पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. रिकाम्या हाताने ताठ उभा राहणारा एसएमपीएस ओझं दिलं की वाकत होता. बटण दाबल्यावर बोर्ड आणि प्रोसेसर वीज मागतात, तेवढी मिळत नाही, म्हणून पंख्याचा अर्धा फेरा आणि शांतता.

उघडून दाखवला तेव्हा आतल्या दोन कपॅसिटरांची (वीज साठवणाऱ्या नळकांड्यांची) डोकी फुगलेली होती आणि एकातून तपकिरी डाग ओघळला होता. हे घरी उघडू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं, म्हणून मीही लिहिते. घरातली २३० व्होल्टची वीज आत सव्वातीनशे व्होल्टपर्यंत चढवून मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवलेली असते, आणि प्लग काढल्यावरही ती काही वेळ तिथे राहू शकते. त्यांनी आधी रेझिस्टर लावून ती उतरवली आणि मगच आत बोट घातलं.

कपॅसिटर बदलून तोच एसएमपीएस चालवता येतो का, असं मी विचारलं. येतो, पण रोज आठ-दहा तास चालणाऱ्या मशीनला ते देत नाहीत. पर्याय दोन ठेवले. एक साडेसहाशेचा, खोक्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट. दुसरा २,३५० चा, त्यावरही ४५० वॉटच. दोन्ही माझ्या हातात दिले. स्वस्तवाला उचलताना रिकाम्या डब्यासारखा लागला. मग लेबलवरचे १२ व्होल्टच्या रांगेतले अँपिअर वाचायला लावले. कॉम्प्युटर मुख्यतः तिथूनच वीज खातो, त्यामुळे वॉटचा मोठा आकडा सोडून ती रांग बघायची. महागड्यावर तिथे भरपूर आकडा होता. स्वस्तवाल्यावर असा होता की १२ने गुणलं तर ४५०च्या निम्म्यालाही पोचेना. मी महागडा घेतला. त्यांनी जबरदस्ती केली नाही, पण स्वस्तवाला परत ठेवताना मान हलवली ती मला दिसली.

मग म्हणाले, ‘पावसाळ्याआधी सीपीयूला हात लावला की झिणझिण्या येत होत्या का?’ येत होत्या. दर उन्हाळ्यात येतात. आमच्याकडे सगळे म्हणतात, थोडा करंट मारतो, चप्पल घालून बस. ते म्हणाले, अर्थिंग नाही तुमचं. एसएमपीएसच्या आत विजेतला कचरा गाळून अर्थिंगच्या तारेत सोडायची सोय असते. ती तार कुठे पोचतच नसेल तर तो करंट डब्याच्या लोखंडावर येऊन बसतो. करंट अगदी बारीक असतो, पण अर्थिंग नाही याची ती खूण. आपल्याकडे जमीन जांभ्याची, तो उन्हाळ्यात खडखडीत सुकतो आणि अर्थिंगचा खड्डा असूनही अर्थिंग लागत नाही. वायरमनला बोलावून खड्डा बघा, तार तुटली नाही ना ते बघा, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत जा. वायरमन आला, तर खड्ड्यातली तार गंजून केव्हाच तुटलेली. आता झिणझिण्या नाहीत. हे सांगण्याचे त्यांना काही मिळाले नाहीत, वायरमन त्यांचा कोणी लागत नाही.

माझ्या हार्ड डिस्कची तब्येतही त्यांनी दाखवली. काही सेक्टर, म्हणजे माहिती साठवायचे कप्पे, खराब होऊन बाजूला टाकलेले होते. आजच मरेल असं नाही, पण भरवसा नाही. मी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) घेतली, तिच्यावर त्यांनी डिस्कची जशीच्या तशी नक्कल उतरवून दिली, आणि जुनी डिस्क तारीख लिहून माझ्या हातात दिली. विंडोज ७ला मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० पासून सुरक्षेचे अपडेट देणं बंद केलंय, तेव्हा या मशीनला इंटरनेट लावू नका, मेल मोबाइलवर घ्या आणि पेनड्राइव्ह आधी दुसरीकडे तपासून मगच लावा, हा सल्ला. मी पाळते. मुंबईकरांना ‘मेल केलीय, लगेच बघा’ ची सवय आहे, त्यांना जरा थांबावं लागतं.

बिल: एसएमपीएस २,३५०, सेल ३०, मजुरी ३५०. एकूण २,७३०. एसएसडी आणि नक्कल उतरवण्याचे वेगळे. बिल वहीच्या पानावर हाताने लिहिलेलं, शिक्का मागितल्यावर मारला. ज्यांना ऑफिसात जीएसटीचं बिल दाखवायचं आहे त्यांनी आधीच सांगावं, कारण आयत्या वेळी ती वही खालच्या ड्रॉवरमधून शोधावी लागते. पैसे यूपीआयने घेतात, कार्ड चालत नाही. काढलेले सुटे भाग न मागता परत दिले, पिशवीत घालून. एसएमपीएसवर कंपनीची वॉरंटी आहे, मजुरीवर यांची स्वतःची महिनाभराची. महिनाभर मला कमी वाटते. मी तसं म्हटलं तर म्हणाले, ‘महिन्यानंतर आलात तर काय परत पाठवणार आहे?’ हे बोलायला ठीक आहे, पण कागदावर लिहिलं असतं तर मी आणखी अर्धा गुण दिला असता.

आणखी एक तक्रार. उशीर होणार असेल तर तसा निरोप नाही. एसएसडीच्या कामाला सांगितलेल्या दिवशी मी शृंगारतळीहून एसटीने गेले तेव्हा ती नक्कल अर्ध्यावर होती. दिवसभर बाजारात फिरले आणि नको त्या तीन साड्या बघितल्या. दोन ओळींचा मेसेज टाकायला पोरगा आहे की खाली.

लॅपटॉपसाठी मी या दुकानाबद्दल काही सांगू शकत नाही, माझा अनुभव डेस्कटॉपचाच आहे. गेमिंगची महागडी मशीनं घेऊन येणारी कॉलेजची मुलंही तिथे दिसली, पण त्यांच्याशी मालकांचं फारसं जमत नसावं. रंगीत दिवे पुन्हा लावण्याच्या प्रश्नावर ते चक्क गप्प बसले. घरचं, ऑफिसचं, सायबरचं, शाळेचं जुनं मशीन असेल आणि आत कामाचा डेटा असेल तर मात्र इथेच जा.

जाताना सकाळी साडेदहाच्या आत पोचा, तेव्हा रांग लहान असते. डबा झोपवून न्या, वर प्लास्टिक घाला, आणि मशीन बंद पडलं त्या दिवशी काय काय झालं होतं ते (वीज गेली का, वास आला का, कुठला आवाज आला) कागदावर लिहून न्या. ते विचारतातच. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात जाऊ नका. त्या दिवसांत तालुक्यातले सगळे छापखाने तिथे असतात, आणि मीही.